तोफा थंडावल्यानंतर

भिलाईच्या वैशाली नगरात राहणाऱ्या आपल्या मंडळींस कारखाना म्हणजे काय, हे सांगावयास नको. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले, आणि तेव्हापासून या मुलखाचे घड्याळ पाळीच्या भोंग्यावर चालत आले आहे. परंतु पोलादाला युद्धही मानवते आणि शांतताही. रूळ काय, तोफेची नळी काय, दोहोंस ते लागतेच. दारूगोळ्याच्या कारखान्याचे तसे नाही. तहाची वार्ता येते त्या दिवशी सारे जग सुटकेचा निःश्वास टाकते. या कारखान्यातल्या माणसाच्या पोटात मात्र गोळा उठतो.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. जबलपूरचा तोफगाडे बनविणारा कारखाना १९०४ चा. जबलपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होते, त्यामुळे तेथे मराठी कारकून, ओव्हरसिअर, टर्नर, फिटर असणे हे परदेशगमन समजले जात नसे. दुसरे महायुद्ध पेटले आणि या कारखान्यांचा पसारा एकाएकी वाढला. १९४० साली खडकीस स्फोटकांचा स्वतंत्र कारखाना झाला. १९४२ च्या सुमारास जबलपूरजवळ खमारिया व कटनी येथे नवे कारखाने उभे राहिले. माणसे भरताना कोणी फार चौकशी केली नाही. हात चालणारा हवा होता. फक्त नेमणुकीच्या कागदावर ‘तात्पुरता’ हा एक शब्द घातला जाई. हा शब्द आपण सरकारी नोकरांनी आयुष्यात कितीदा लिहिला असेल! लिहिणाऱ्यास तो निरुपद्रवी वाटतो. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, मागण्या आटल्या, आणि त्याच एका शब्दाच्या आधारे माणसे कमी होऊ लागली.

सरकारला याची चाहूल नव्हती असे नाही. जुलै १९४५ मध्येच, जपानशी युद्ध चालू असताना, पुनर्वसन व सेवायोजन खाते उघडण्यात आले. पलटणीतून मोकळे झालेले शिपाई आणि युद्धकार्यातून कमी झालेले कामगार यांना काम मिळवून देणे हा त्याचा हेतू. १९४८ पासून त्याची दारे सर्वांस खुली झाली. पुढे ज्या सेवायोजन कार्यालयाच्या रांगेत आपल्यापैकी अनेकांनी नाव नोंदविले, त्याचा जन्म असा रणांगणाच्या कडेला झाला आहे. मात्र नाव नोंदविणे आणि काम मिळणे यांतील अंतर तेव्हाही लहान नव्हते. गोळ्याचे टोपण मोजून बसविणाऱ्या हातांना बाजारात गिऱ्हाईक कोठले?

हा प्रश्न आपल्याच वाट्याला आला असेही नाही. पहिल्या महायुद्धात लंडनच्या वुलिच शस्त्रागारात सुमारे ८०,००० माणसे राबत होती. युद्ध संपताच कपात सुरू झाली. कामगार टिकावेत म्हणून तेथे शंभर रेल्वे इंजिनांचे भाग तयार करविण्यात आले. इंजिने झाली, पण गिऱ्हाइके शोधताना सरकारच्या नाकी नऊ आले. आपल्याकडेही तोच प्रयोग झाला. १९५९ मध्ये जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात ‘शक्तिमान’ मालमोटार तयार होऊ लागली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी कॉफीची भांडीही करविली, म्हणून त्यांची पुष्कळ टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण त्या यंत्रांपुढे उभ्या असलेल्या माणसास रोज सकाळी काहीतरी काम लागते, हेही खोटे नव्हे.

फाळणीच्या वेळी सोळाही शस्त्र कारखाने भारताच्या हद्दीत राहिले. लगेच काश्मीरचे युद्ध आले. १९६२ नंतर तर वरणगाव, भंडारा, अंबाझरी असे नवे कारखाने महाराष्ट्रातच निघाले. म्हणजे शांततेने घेतलेली भाकर युद्धाने परत दिली, असे म्हणावे लागते; म्हणताना जीभ अडखळते.

दरम्यान कामगारांच्या हाती थोडेसे बळ आले. १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक कलह कायद्यात कपातीची भरपाई आली: पुऱ्या झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, आणि शेवटी आलेला सामान्यतः प्रथम जाईल हा नियम. १९४५ च्या माणसांस तो आठ वर्षे उशिरा मिळाला. जुलै १९६० च्या केंद्रीय नोकरांच्या संपात संरक्षण कामगारांचे नेते एस. एम. जोशी अग्रभागी होते. मागण्या वेतनाच्या व महागाई भत्त्याच्या होत्या; संप पाच दिवसांत मोडला.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी शस्त्र कारखान्यांचे मंडळ मोडून ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. खडकी आणि खमारिया पुण्याच्या कंपनीकडे गेले, अंबाझरी नागपूरच्या. एकट्या जबलपुरातील चार कारखाने चार निरनिराळ्या कंपन्यांच्या वाट्यास आले. माणसे मात्र केंद्र सरकारचे नोकर राहून प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानण्यात आले. मुदत प्रथम दोन वर्षांची होती; ती संपत आली की वाढविण्यात येऊ लागली.