नळी नेमकी कुठे आहे?

आजची गोष्ट कोपनहेगनची. ऑगस्ट १९५२, शहरात पोलिओची भयंकर साथ. ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये रोज नवे पेशंट येतायत, श्वासाचे स्नायूच लुळे पडलेले. आणि त्यांच्यासाठी अख्ख्या हॉस्पिटलात लोखंडी फुफ्फुस किती? एक. छातीवर बसवायची सहा यंत्रं होती, पण त्यांचं फारसं काही चालेना. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ पेशंटपैकी २७ गेले.

मग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनळीत रबरी नळी बसवली गेली, आणि इब्सेननी हाताने पिशवी दाबून हवा आत ढकलली. मुलगी वाचली! पुढे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून, महिनोन्‌महिने, पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास होतं, ते निम्म्याच्या खाली आलं. आजच्या आयसीयूचं मूळ इथे आहे.

मला यातलं काय भारी वाटतं सांगू? प्रत्येक नळीच्या दुसऱ्या टोकाला एक जागा माणूस होता. नळी तुंबली की पिशवी कडक लागते, हाताला लगेच कळतं. पुढे व्हेंटिलेटर आले आणि तो हात सुटला.

आता नळी बहुतेकदा तोंडातून घालतात. ती चुकून अन्ननलिकेत गेली तर काही मिनिटांत खेळ खलास. त्यावर उपाय कॅप्नोग्राफी: बाहेर पडणाऱ्या श्वासात कार्बन डायऑक्साइड आहे का, हे स्क्रीनवरच्या लाटेत दिसतं. लाट नाही, तर नळी चुकीच्या जागी आहे असंच धरायचं. ब्रिटनमधल्या २०११ च्या एका मोठ्या पाहणीत दिसलं, की आयसीयूत हे साधं यंत्र न लावल्यामुळेही माणसं गेली होती. काही ठिकाणी तर ते लावलेलं होतं, सपाट रेषा समोर होती, पण तिचा अर्थच चुकीचा लावला गेला!

दुसरी चूक जरा छुपी. छातीत श्वासनळीला दोन फाटे फुटतात, त्यातला उजवा रुंद आणि सरळ. नळी जास्त खोल गेली की त्यातच घुसते, आणि डावं फुफ्फुस हवेविना बसतं. लाट मात्र दिसतच राहते. म्हणून एक्स-रे. मोठ्या माणसात नळीचं टोक फाट्याच्या साधारण ३ ते ५ सेंटिमीटर वर हवं. पण तो एक्स-रे रांगेत पडून राहिला, रात्री कुणी बघितलाच नाही, तर?

एआय आलं ते इथे. नोव्हेंबर २०२० मध्ये, कोविडच्या धामधुमीत, जीई हेल्थकेअरने खाटेजवळ नेता येणाऱ्या एक्स-रे मशीनसाठी असा प्रोग्राम जाहीर केला. तो फोटोत नळीचं टोक शोधतो, फाटा शोधतो, अंतर मोजतो. निर्णय डॉक्टरचाच. आणि कॅप्नोग्राफीची जागा तो घेत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

शिवाय हे माप फोटो काढला त्या क्षणाचं. मान पुढे वाकली तर नळी दोनेक सेंटिमीटर आत सरकते, मागे गेली तर तेवढीच वर येते. एक्स-रेनंतर नर्सने पेशंटला कुशीवर वळवलं, की ते माप जुनं झालं.