मांड आणि मोकळीक : कनूच्या बैठकीचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की सरांचं वय झालं. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस होडीत बसायचं कसं, यावर काय बोलणार? पण माणूस आणि त्याचं साधन यांचं नातं समजून घ्यायचं असेल, तर साधनाचा माणसाला टेकणारा भाग बघावा. कोयत्याची मूठ, घोड्याचं खोगीर. तशीच कनूची बैठक.

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची हलकी होडी. तुमच्यापैकी काही जण कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला गेले असतील. राफ्ट फुगीर आणि पसरट असते, चार धक्के पोटात घालते. कनू अरुंद आणि चंचल. खळाळत्या पाण्यात ती सरळ राहील की कलंडेल, हे आतला माणूस कसा बसलाय यावर बरंचसं ठरतं.

उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे, अल्गाँक्विन अशा लोकांच्या भूर्जसालीच्या कनूत वेगळी बैठक नव्हतीच. काठापासून काठापर्यंत आडव्या दांड्या असत, पण त्या होडीचा आकार धरून ठेवायला. वल्हवणारा तळावर गुडघे टेकून बसे, साधारण आपल्या वज्रासनासारखा. पुढे फरचा व्यापार वाढला. माँट्रियलहून निघणाऱ्या मोठ्या कनू सुमारे 36 फुटांच्या, आत 90 पौंडांचे, म्हणजे जवळजवळ 41 किलोंचे गठ्ठे. जागेवर पहिला हक्क मालाचा. माणसाने उरलेल्या जागेत मावायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कनू सहलीची झाली आणि तिच्यात वेताने विणलेल्या बैठका आल्या. शांत तळ्यात झकास! पण उंच बसलं की गुरुत्वमध्यही वर जातो. त्यामुळे जाणकार लोक धावतं पाणी आलं की बैठकीवरून घसरून पुन्हा गुडघ्यांवर यायचे. मग 1944 साली ग्रमन या विमानं बनवणाऱ्या कंपनीतले विल्यम हॉफमन ॲडिराँडॅकच्या डोंगराळ भागात जड कनू वाहून दमले, आणि ॲल्युमिनियमच्या कनूची कल्पना निघाली. 1945 पासून त्या बनू लागल्या. बैठकही धातूचीच, रिव्हेट मारून पक्की. मांडी लांब असो की आखूड, खुर्ची एकच.

या एकाच मापाला उत्तर मिळालं ते शर्यतीच्या होड्यांतून. स्लॅलम शर्यतीत एकट्याने चालवायची, वरून झाकलेली कनू असते. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ आउग्सबुर्गच्या कृत्रिम प्रवाहावर झाला. 1979 साली कॅनडात झॉन्किएरला जागतिक स्पर्धेत जॉन लगबिल, डेव्ही हर्न आणि बॉब रॉबिसन या तिघा अमेरिकनांनी एकेरी कनूतली पहिली तिन्ही स्थानं घेतली. अशा होडीत वल्हं अर्धंच काम करतं. उरलेलं काम कंबर करते. कंबर वळली की होडी वळली पाहिजे, आणि त्यासाठी होडी अंगाला बसायला हवी. आपल्याकडे घोडेस्वाराची 'मांड' पक्की आहे म्हणतात ना, अगदी तेच.

उघड्या कनूवाल्यांनी ही मांड उचलली. 1970 च्या दशकात रॉयलेक्स नावाच्या चिवट प्लास्टिकच्या होड्या आल्या, त्या खडकावर आपटूनही टिकत. मग लोकांनी कारखान्याची बैठक काढून टाकली आणि तळावर वीतभर उंचीचा, घट्ट फोमचा ठोकळा बसवला. तो सुरीने कापायचा, कानशीने घासायचा, खोगिरासारखा घडवायचा. दोन मांड्यांमधून तो जातो. गुडघ्यांखाली गाद्या, पायाच्या बोटांना टेकू, मांड्यांवरून पट्टे. पुढे-मागे हवेच्या पिशव्या, दोऱ्यांनी आवळलेल्या. त्या कशाला? 500 लिटर पाणी आत शिरलं तर 500 किलोंचं ओझं झालं. ती जागा आधीच हवेने अडवलेली बरी.

या कामाचा एक नियम मला फार आवडतो : आधी पाण्यात बसून बघा, मग चिकटवा. ठोकळा दोन इंच मागे गेला की होडीचं नाक वर उठतं. चपला शिवणाऱ्याकडे असतं तसलं सोल्युशन एकदा लागलं, की चूकही पक्की झाली.

आता मुद्द्याचं. पट्टे जितके घट्ट, तितका होडीवर ताबा जास्त. उलटलेली उघडी कनूसुद्धा, कौशल्य असेल तर, आत बसल्या बसल्या पुन्हा सरळ करता येते. पण सरळ झालीच नाही तर? डोकं खाली, पाणी धावतंय, आणि पट्टा सुटत नाही. बैठक फार खाली असली तर बूट तिच्याखाली अडकतो. ती इंचभर वर घेतली तर घोटा सुटतो, पण तोल थोडा बिघडतो. रिकिबीत पाय अडकलेला स्वार घोड्यामागे फरफटत जातो, ते आठवा. म्हणून नवे पट्टे बसवले की आधी संथ पाण्यात, सोबतीला कुणी उभं असताना, मुद्दाम उलटायचं आणि ते एका हाताने सुटतात का बघायचं. यात कंटाळा करू नये.

मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाचा मोठा ग्रंथ 1945 चाच. त्यात आंधळ्या माणसाच्या काठीचं उदाहरण आहे. सवय झाली की काठी ही हातातली वस्तू राहत नाही, स्पर्श तिच्या टोकाशी होतो. कनूतल्या माणसालाही नदी कमरेत जाणवते. मी हे उदाहरण वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. पण एक प्रश्न मी तेव्हा मुलांना कधी विचारला नाही : काठी टाकून देता येते, जे साधन पट्ट्यांनी अंगाला बांधलंय त्याचं काय? फोम कापणाऱ्या लोकांना हा प्रश्न टाळता येत नाही, कारण त्यांचा जीव त्यावर असतो. त्यांचं उत्तर असं, की ज्या पट्ट्याने होडी अंगाची होते, तो सोडायची कळ आपल्याच हाताशी असली पाहिजे.

आपल्याकडे खुर्चीला चिकटायची कला पुष्कळांना येते. (हशा) ती सोडायची तालीम मात्र संथ पाण्यातच करून ठेवावी.