हाडातला स्क्रू : एका लहान वस्तूचा इतिहास



आजचा विषय दिसायला लहान आहे. मोडलेल्या हाडात बसवतात तो स्क्रू. कोल्हापुरात यावर बोलताना एक सोय होते. इथं शिवाजी उद्यमनगर आहे, त्यामुळं आटे, टॅप, ड्रिल हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. आणि इथं तालमी आहेत, त्यामुळं हातपाय मोडणं कुणाला नवीन नाही.

आधी एक गोष्ट पक्की करू. हाड स्क्रू जोडत नाही, हाड स्वतःच जुळतं. आपण फक्त तुकडे जागेवर आणून ते जुळेपर्यंत हलू द्यायचे नाहीत. सुश्रुतसंहितेत हे तत्त्व स्पष्ट आहे. वड, पिंपळ, उंबर अशा झाडांच्या साली आणि बांबू बांधायला सांगितलेत. मांडी किंवा नडगी मोडली तर ‘कपाटशयन’, म्हणजे फळीवर निजवून दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायच्या, पाय हलता कामा नये. म्हणजे खिळा होता, पण तो फळीत होता, हाडात नव्हता. तालमीतले वस्ताद आणि गावोगावचे हाडवैद्य याच वाटेनं गेले : ओढून बसवायचं, कामट्या बांधायच्या.

मग खिळा आत जायला एवढी शतकं का लागली? स्क्रू माहीत नव्हता म्हणून नाही. कातडी उघडली की पू व्हायचा, आणि मग पाय तरी जायचा, नाहीतर माणूस. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरनं कार्बोलिक आम्लानं जखम जंतुमुक्त ठेवायची पद्धत मांडली आणि पुढं १८७७ मध्ये मोडलेली गुडघ्याची वाटी चांदीच्या तारेनं बांधली. १८८६ मध्ये हॅम्बुर्गच्या हान्समाननं धातूची पट्टी स्क्रूंनी हाडावर बसवल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच्या स्क्रूंचे दांडे कातडीबाहेर ठेवलेले असत, नंतर काढता यावेत म्हणून. १८९५ मध्ये क्ष-किरण आले आणि आत काय चाललंय ते दिसू लागलं.

आता दुसरी अडचण : धातू. शरीर म्हणजे धातूच्या दृष्टीनं कोमट खारं पाणी. लंडनच्या लेननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्ट्या-स्क्रू खूप वापरले, पण ते पोलाद गंजायचं. १९३०च्या दशकात अमेरिकेत व्हेनेबल आणि स्टक यांनी दाखवलं, की दोन वेगळे धातू शरीरात शेजारी ठेवले तर बॅटरीसारखा प्रवाह तयार होतो आणि हाड झिजतं. म्हणून पट्टी एका धातूची आणि स्क्रू दुसऱ्याचा, असं चालत नाही.

तिसरी अडचण आट्यांची, आणि ही उद्यमनगरातल्या मिस्त्रीला लगेच कळेल. सुरुवातीचे स्क्रू सुताराचे होते, टोकाकडं निमुळते. अमेरिकेतल्या शेरमननं १९१२च्या सुमारास ओळखलं, की हाडाला लाकडाचा नव्हे, यंत्राचा स्क्रू हवा.

१९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या बील गावी तेरा सर्जन एकत्र आले आणि ‘एओ’ हा गट स्थापन झाला. त्यांच्यातल्या मॉरिस म्युलरनं गाठलं कुणाला? रॉबर्ट माथिस नावाच्या एका कारखानदार यंत्रकाराला. सर्जननं गरज सांगायची, माथिसनं लेथवर नमुना करायचा. त्यातून ठरलं : साडेचार मिलिमीटरचा स्क्रू, त्यासाठी ३.२चं ड्रिल, मग टॅप. अलीकडच्या तुकड्यात साडेचारचं मोकळं भोक पाडायचं, आटे फक्त पलीकडच्या तुकड्यात धरायचे. डोकं आवळलं की दोन्ही तुकडे शिकंज्यासारखे दाबले जातात.

एवढा खटाटोप कशासाठी? मांडीचं हाड मोडलं की वजन लावून माणूस कित्येक आठवडे खाटेवर असायचा. हाड जुळायचं, पण गुडघा आखडायचा, स्नायू वाळायचे. ऊसतोडीवर पोट असलेल्याचा हंगाम गेला, पैलवानाची तर मांडीच गेली. या स्क्रूनं खरं दिलं ते हे : हाड जुळायच्या आधीच सांधा हलवता येऊ लागला.

ही विद्या आपल्या शेजारीही आली. आंबा घाट उतरून गेलं, की देवरुखजवळ साडवली आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत हाडांचे इम्प्लांट तयार होऊ लागले. त्यातल्या एका नावाची गंमत बघा : सुश्रुत सर्जिकल्स. २०१३ मध्ये हा व्यवसाय स्मिथ अँड नेफ्यू या ब्रिटिश कंपनीनं घेतला. फळीतल्या खुंटीपासून हाडातल्या स्क्रूपर्यंत नाव तेच राहिलं.

शेवटी एक सांगून थांबतो. “आत लोखंड आहे, आता काय भीती?” असं म्हणून लोक लवकर भार देतात. पण तार वारंवार वाकवली की तुटते, तशीच पट्टी आणि स्क्रूही तुटतात. शस्त्रक्रियेनंतर एक शर्यत चालू असते : आधी हाड जुळतं की आधी धातू थकतो? डॉक्टर “अजून पाय टेकू नका” म्हणतात, ते हाडाला ती शर्यत जिंकता यावी म्हणून. सुश्रुताची फळीही तेवढंच सांगत होती.