संस्थापकाची पकड आणि नाटकाचा कस



रंजनाची संस्था ज्याने आपल्या प्रतिभेतून उभी केली, त्याच्या हाती तिची सूत्रे राहिली म्हणजे तिची कला उंचावते, असे आपण सहज म्हणून जातो. हे कितपत खरे, याचा शोध घ्यायला जोयड्याच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही. मराठी नाटकाची काही मुळे आपल्याच मुलखात आहेत. उत्तर कानड्यातून सांगलीस गेलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहूनच चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसा खेळ रचण्यास सांगितले, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले.

पहिले उदाहरण अण्णासाहेब किर्लोस्करांचे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा हा माणूस. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांनी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक सादर केले. संहिता त्यांची, पदे त्यांची, तालीम त्यांची. स्वतः ते रंगमंचावरही उभे राहात. १८८२ साली ‘सौभद्र’ आले. एकाच दृष्टीखाली शब्द, सूर आणि अभिनय आल्यामुळेच संगीत नाटकाला घाट लाभला, यात मला शंका वाटत नाही. परंतु १८८५ साली अण्णासाहेब निवर्तले. ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले. मंडळी अवघ्या पाच वर्षांची होती. संस्थापकाची पकड हेच गुणवत्तेचे एकमेव कारण असते, तर ती तेथेच विस्कटली असती. तसे झाले नाही. अण्णासाहेबांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल तालमीस उभे राहिले, आणि १८९९ साली याच मंडळीने त्यांचे ‘शारदा’ रंगभूमीवर आणले. जरठ-कुमारी विवाहाच्या प्रश्नाला भिडणारे हे नाटक गुरूच्या पौराणिक वाटेवरचे नव्हते. तालमीची शिस्त मात्र गुरूचीच होती. सूत्रे हातातून गेली, दंडक मागे राहिला.

दुसरे उदाहरण याच्या उलट. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’ने महाराष्ट्राला वेड लावले. पुढे भागीदार एकेक करून दूर झाले व मंडळी एकट्या बालगंधर्वांची झाली. उंची वस्त्रे, अत्तरे, भरजरी पडदे यांवर पैसा पाण्यासारखा वाहिला. गाणे अलौकिक होते, हे नाकारण्याचे धाडस कोण करील? पण ‘आता पुरे’ असे अधिकाराने म्हणणारा शेजारी उरला नाही. कर्जाचा डोंगर झाला. ‘वन्स मोअर’च्या पायी नाटक गाण्याच्या बैठकीकडे झुकू लागले. येथे पकड पूर्ण होती. नेमका तिलाच प्रतितोल नव्हता.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस केशवराव भोसल्यांनी ‘ललितकलादर्श’ स्थापिली, तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. स्वतः श्रेष्ठ गायक-नट असूनही त्यांनी नाटककारांना मोकळीक दिली. हुंड्याच्या चालीवर बोट ठेवणारे मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ त्यांनीच रंगभूमीवर आणले. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसह ‘संयुक्त मानापमान’ केल्यानंतर काही महिन्यांतच ते वारले. मंडळीतीलच नट बापूराव पेंढारकर यांनी धुरा उचलली, आणि १९२२ च्या ‘सत्तेचे गुलाम’मध्ये वास्तव नेपथ्याकडे पाऊल टाकले. बापूरावांमागे त्यांचे पुत्र भालचंद्र यांनी १९४२ पासून संस्था पुन्हा उभी केली.

या तिन्हींवरून मला एवढेच म्हणावयाचे आहे की, संस्थापकाची पकड कलेला जन्म देते, पण तिला जगवीत नाही. जगविते ती त्याने घालून दिलेली कसोटी. आणि ती कसोटी दुसऱ्याच्या हाती देण्याची, प्रसंगी स्वतःलाही लावून घेण्याची त्याची तयारी.

हा केवळ गतकाळाचा प्रश्न नव्हे. सुपे गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले; वस्त्या उठल्या, माणसे विखुरली. अशा मुलखात जत्रेचे, उत्सवाचे नाटक हे निव्वळ करमणूक राहात नाही, ते विखुरलेल्या गावाला एका रात्रीपुरते एकत्र आणते. ते बसविणारा बहुधा एकच हौशी माणूस असतो. संहिता तो निवडतो, पात्रे तो वाटतो, पदरचे पैसेही तोच घालतो. त्याचा अधिकार मान्य करावा. मात्र तो थकला की नाटकही थांबते, हे आपण पाहतो. म्हणून त्याने दरवर्षी एका तरुणाच्या हाती तालीम सोपवावी, आणि त्या तरुणाने ‘येथे चुकते आहे’ असे म्हटल्यास ऐकून घ्यावे.

शाळेलाही हाच न्याय लागू आहे. संस्थापकांची तसबीर भिंतीवर राहतेच. त्यांची कसोटी वर्गात राहिली की नाही, एवढे आपण पाहावे.