मागच्या मात्रेचे मानकरी

बँडच्या वाद्यमेळात मोठ्या ढोलाचे नशीब थोर! मार्च सुरू झाला की पहिली मात्रा त्याची, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या अगडबंब ट्यूबाची. रस्त्यावरून बँड चालला म्हणजे घराघरांतून पोरे धावत बाहेर येतात ती या पहिल्या मात्रेच्या हाकेवर. दुसरी, मागची मात्रा कोण वाजवतो याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. ती हॉर्नवाल्यांच्या वाट्याला येते. ‘धम्‌-पा, धम्‌-पा’ यातला ‘पा’ तेवढा त्यांचा. क्लॅरिनेट नाचते, कॉर्नेट गाते, ट्रॉम्बोन गर्जना करतो. आणि हॉर्नवाले बिचारे पानेच्या पाने तो एकच ‘पा’ भरीत बसतात. तो ‘पा’ काढून घेतला तर मात्र सबंध मार्च लंगडा होऊन बसेल.

अशा या हॉर्नवाल्यांना आज अमेरिकेतली विद्यापीठे मोठ्या सन्मानाने पाहुणे म्हणून बोलावतात. व्यासपीठाच्या पुढच्या बाजूस त्यांना उभे करतात, आणि विद्यार्थ्यांचा पन्नास-साठ वाद्यांचा ताफा त्यांच्यामागे साथीला बसतो. या ताफ्यात व्हायोलिन नाही की चेलो नाही. थोडी तालवाद्ये सोडली तर सगळा कारभार फुंकीचा. मागच्या मात्रेवरून पुढच्या रांगेत येण्यासाठी या वाद्याला सुमारे तीनशे वर्षे लागली. त्या तीनशे वर्षांची ही हकिगत आहे, आणि ती वाद्याची आहे त्याहून अधिक माणसांची आहे.

हॉर्न म्हणजे मूळचे शिंग. आपल्या तुतारीचा हा दूरचा भाऊबंद. तुतारीला भोके नाहीत, पडदे नाहीत; वाजवणाऱ्याचे ओठ आणि छातीतला दम एवढेच तिचे भांडवल. अशा साध्या नळीतून वाटेल तो स्वर निघत नाही. खालच्या पट्टीत षड्ज, मग पंचम, मग वरचा षड्ज, मग गंधार, असे दूरदूर उभे असलेले निसर्गदत्त स्वर तेवढे मिळतात. जसजसे वर जावे तसतसे ते एकमेकांच्या जवळ येऊ लागतात, आणि अगदी वर गेल्यावर सप्तकच्या सप्तक दाटीवाटीने उभे असते. हॉर्नची नळी लांब, नेहमीच्या पट्टीतली तर सुमारे 12 फूट. ती गोल वेटोळी करून हातात धरता येईल अशी केलेली असते. वादकाला त्या वरच्या दाटीतच वावरावे लागते. ओठ केसाएवढा चुकला की शेजारचा स्वर दार उघडतो! म्हणूनच भल्याभल्या वादकांच्या कपाळालाही हॉर्न घाम आणतो.

सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजेलोकांच्या शिकारीत हे शिंग वाजे. हरिण कोणत्या बाजूला पळाले, कुत्री सोडली की नाही, शिकार साधली का, हे सगळे त्याच्या हाकांवरून कळायचे. 1680 च्या सुमारास बोहेमियाचा काउंट श्पोर्क पॅरिसला गेला असता या नादावर असा लुब्ध झाला, की त्याने आपल्या पदरचे दोन नोकर तेथे ठेवून त्यांना ही विद्या शिकवून घेतली. बोहेमियात हॉर्न आले ते असे, मालकाच्या हौसेपायी आणि नोकराच्या ओठांवरून. पुढे शंभर वर्षे युरोपभरच्या दरबारांना उत्तम हॉर्नवादक पुरवले ते याच मुलखाने. पण दरबारात त्यांची जागा आचारी, मोतद्दार आणि हुजरे यांच्याच रांगेत असे.

अठराव्या शतकाच्या मध्यास ड्रेस्डेनच्या दरबारातल्या हाम्पेल नावाच्या वादकाने हॉर्नच्या रुंद तोंडात उजवा हात घालून पाहिला. हात कमी-अधिक आत सरकवला की स्वर उतरतो, आणि जे स्वर नळीत मुळी नव्हतेच तेही हाती लागतात, असे दिसून आले. ते जरा झाकल्यासारखे, घोगरे येत. पण येत खरे. आता हॉर्नवर सबंध चाल वाजवता येऊ लागली. शिकारीतले शिंग गाऊ लागले ते या हातामुळे.

या हाम्पेलकडे यान व्हाक्लाव्ह श्टिख नावाचा एक मुलगा शिकायला होता. जन्म 1746 चा, बाप काउंट थून याच्या जहागिरीतला वेठीचा माणूस. मुलाचा गळा आणि कान पाहून काउंटनेच त्याला प्राग, म्युनिक, ड्रेस्डेन अशा ठिकाणी शिकायला पाठवले. विद्या पुरी करून तो परत आला आणि मालकाच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. पण ज्याने एकदा मोकळी हवा फुंकली त्याला वेठ कशी सोसावी? विशीतच तो चार सोबत्यांबरोबर एके दिवशी पळून गेला. काउंटने मागावर शिपाई धाडले. पोर हाती लागले नाही, तर निदान त्याचे पुढचे दात पाडून या, म्हणजे तो पुन्हा कधी हॉर्न वाजवणार नाही, असा हुकूम त्यांना होता, असे त्याच्या चरित्रात सांगतात.

तो हाती लागला नाही. त्याने सरहद्द ओलांडली, आपले नाव इटालियन करून घेतले, आणि जोव्हान्नी पुन्तो म्हणून तो युरोपभर गाजला. 1778 साली पॅरिसमध्ये मोझार्टने त्याला ऐकले आणि बापाला लिहिलेल्या पत्रात त्याची तोंड भरून स्तुती केली. 18 एप्रिल 1800 रोजी व्हिएन्नात तो एका तरुण पियानोवादकाबरोबर बसला. त्या तरुणाचे नाव बेथोव्हेन. हॉर्न आणि पियानो यांच्यासाठीचा आपला सोनाटा बेथोव्हेनने या पुन्तोकरिताच लिहिला. 1803 साली प्रागमध्ये पुन्तो वारला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेच्या वेळी मोझार्टचे ‘रेक्विएम’ गायले गेले. ज्याचे दात पाडायला शिपाई निघाले होते त्याला असा निरोप मिळाला!

मोझार्टचा स्वतःचा हॉर्नवाला निराळा. योजेफ लॉइटगेब हा त्याच्याहून चोवीस वर्षांनी मोठा, घरोब्यातला माणूस. मोझार्टने हॉर्नसाठी लिहिलेल्या कॉन्चेर्टोंचा मूळ मानकरी तोच. 1783 च्या एका हस्तलिखितावर मोझार्टने या मित्राला गाढव, बैल आणि मूर्ख अशा पदव्या बहाल केल्या आहेत. 1786 च्या दुसऱ्यात काळी, तांबडी, निळी, हिरवी शाई वापरून रंगपंचमी केली आहे. थट्टा करावी ती अशाच माणसाची, ज्याच्यावाचून आपले चालत नाही. पण थट्टेखालचे संगीत पाहा. तिथे थट्टा नाही. हॉर्नला शोभेल असे निखळ गाणे आहे.

पुढची सुधारणाही अशाच साध्या माणसांनी केली. सायलेशियात हाइनरिख श्टोल्त्सेल हा एका संस्थानिकाच्या पदरचा हॉर्नवादक होता, आणि फ्रीड्रिख ब्ल्यूमेल खाणकामगारांच्या बँडमधला वादक. नळीला जादा वेटोळी जोडावीत आणि बोटाने झडप दाबून हवा त्यांत वळवावी, ही युक्ती या दोघांनी शोधली. 1818 साली त्यांना प्रशियाच्या सरकारकडून दहा वर्षांचे पेटंट मिळाले. पुढे हॉर्नवर तीन झडपा बसल्या: एक स्वराला अर्ध्या स्वराने उतरवते, दुसरी एका स्वराने, तिसरी दीड स्वराने. तिन्हींच्या मेळाने सगळे स्वर सारख्या मोकळेपणाने निघू लागले.

या नव्या हॉर्नची थोरवी शूमानने ओळखली. 1849 साली त्याने चार हॉर्न पुढे उभे करून मागे सबंध वाद्यवृंद ठेवला आणि ‘कॉन्त्सर्टश्ट्युक’ ही रचना केली. 25 फेब्रुवारी 1850 ला ती लाइपझिगमध्ये प्रथम वाजली. चार हॉर्न हा एरवी वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेतला खांब. शूमानने तो उचलून अंगणात आणला. त्यातले पहिल्या हॉर्नचे काम इतक्या वरच्या पट्टीत आहे की आजही ते वाजवायला घेण्यापूर्वी वादक दोनदा विचार करतात.

वाद्यवृंदात हॉर्नचे दिवस असे पालटले. बँडमध्ये मात्र पालटले नाहीत. बँडचे मूळ लष्करात. आपल्याकडेही तो पलटणींतून आला, आणि गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी त्याला हात दिला. अमेरिकेत जॉन फिलिप सूझा 1880 ते 1892 नौसैनिकांच्या बँडचा प्रमुख होता. मग त्याने स्वतःचा बँड काढून जवळजवळ चाळीस वर्षे देश पालथा घातला. त्याच्या कार्यक्रमांतून पाहुणचार होई तो कॉर्नेटवाल्या हर्बर्ट क्लार्कचा, ट्रॉम्बोनवाल्या आर्थर प्रायरचा. हॉर्नवाल्यांच्या पुढ्यात तेच जुने ‘पा, पा, पा’!

हा बँड विद्यापीठांच्या अंगणात शिरला तोही लष्कराच्याच दाराने. 1862 च्या मॉरिल कायद्याने अमेरिकन राज्यांना महाविद्यालयांसाठी जमिनी दिल्या. त्या महाविद्यालयांत शेती आणि यंत्रविद्येबरोबर लष्करी शिक्षणही हवे, अशी अट होती. कवायत आली म्हणजे बँड आला. इलिनॉय विद्यापीठात ऑल्बर्ट ऑस्टिन हार्डिंग नावाचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी 1905 साली बँड सांभाळू लागला, आणि 1948 पर्यंत त्याने तो सोडला नाही. मोठमोठ्या वाद्यवृंदांसाठी लिहिलेल्या रचना त्याने आपल्या पोरांसाठी बँडला बसवून घेतल्या. सूझाला या कामाचे इतके कौतुक, की आपल्या बँडच्या स्वरलिप्यांचा फार मोठा संग्रह त्याने याच विद्यापीठाला ठेवला. रस्त्यावरचा बँड वर्गात आला, बाकावर बसला, अभ्यासाला लागला. आम्हां शाळामास्तरांना यात विशेष आनंद वाटावा.

तरीही एक अडचण होतीच. बँड म्हणजे एकाच सुरावर वीस-वीस क्लॅरिनेटे; जो तो शेजाऱ्याच्या आवाजाआड लपलेला. हे मोडले रॉचेस्टर विद्यापीठाच्या ईस्टमन संगीतशाळेतल्या फ्रेडरिक फेनेलने. कावीळ होऊन तो काही आठवडे इस्पितळात पडून होता. तिथे पडल्या पडल्या त्याने एका नव्या वाद्यमेळाचा आराखडा मांडला: फुंकवाद्ये सगळी, पण एका कामाला एकच वादक. लपायला जागाच नाही! 1952 च्या शरदात हा मेळ उभा राहिला, आणि नवे काही लिहून द्या म्हणून फेनेलने देशोदेशीच्या सुमारे चारशे रचनाकारांना पत्रे धाडली. 8 फेब्रुवारी 1953 च्या पहिल्या कार्यक्रमात त्याने मोझार्टचे तेरा वाद्यांचे सेरेनेड ठेवले, आणि हिंडेमिथची 1951 मध्ये लष्कराच्या बँडसाठी लिहिलेली सिंफनीही. मोझार्टच्या त्या तेरांत चार हॉर्न आहेत, आणि चौघांनाही आपापले बोलणे आहे. विद्यापीठाच्या वाद्यमेळात हॉर्नच्या विद्यार्थ्याला अखेर स्वतःचे वाक्य मिळाले.

पुढची पायरी आपोआप आली. शिकागोच्या वाद्यवृंदात अनेक वर्षे पहिला हॉर्न वाजवणारा फिलिप फार्कस 1960 साली ती जागा सोडून इंडियाना विद्यापीठात शिकवायला गेला. 1969 साली जगभरच्या हॉर्नवादकांचा पहिला मेळावा भरला, तोही फ्लॉरिडातल्या एका विद्यापीठात. आणि पुढल्याच वर्षी त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. एकेकाळी जहागिरीच्या सीमेवर शिपाई ज्यांची वाट अडवीत, ते आता विद्यापीठाच्या निमंत्रणावर गावोगाव जातात, सकाळी पोरांना शिकवतात आणि संध्याकाळी त्यांच्याच साथीने वाजवतात.

अशी संध्याकाळ विद्यार्थ्यांना फार शिकवून जाते. हॉर्नचे तोंड मागे वळलेले असते. श्रोत्यांकडे तो स्वर भिंतीवरून परतून येतो, आणि साथीला बसलेल्या पोरांना तो आधी, जवळून ऐकू येतो. मागे एवढा पितळी दारूगोळा भरलेला. पाहुण्याचा आवाज झाकायला क्षण लागणार नाही. म्हणून साऱ्या ताफ्याला दम आवरून, कान देऊन वाजवावे लागते. जोरात वाजवणे एक वेळ सोपे. पन्नास जणांनी मिळून हळू वाजवणे ही खरी विद्या. आणि एवढे करूनही पाहुण्याचा एखादा स्वर चुकू शकतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्या दाटीतला शेजारी अजूनही दार उघडून उभाच आहे. मोठ्या माणसाचा स्वर निसटतो, तो सावरतो आणि पुढे जातो, हे पोरे तीन हातांवरून पाहतात. क्रमिक पुस्तकात हा धडा छापता येत नाही.

या वेळी वादकाच्या हातांकडे मुद्दाम पाहावे. झडपा दाबतो तो डावा हात. उजवा हात हॉर्नच्या तोंडात असतो, हाम्पेलने घातला होता तिथेच. झडपा आल्या, सगळे स्वर मिळाले. तरी तो हात कोणी बाहेर काढला नाही, कारण स्वराचा गोडवा आणि नेमकेपणा राखायला तो हवाच असतो. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या नोकराने लावलेला शोध आजचा पाहुणाही तळहातावर बाळगून असतो.

बँडच्या कार्यक्रमाची सांगता मार्चने करायची रीत जुनी आहे. पाहुणे मानाने खाली उतरतात, टाळ्या विरतात, काठी हलते, आणि मागच्या रांगेतली विद्यार्थ्यांची चार हॉर्न पुन्हा आपल्या कामाला लागतात: पा, पा, पा, पा. काम तेच आहे. पण आताच त्यांनी आपल्या वाद्याला सगळ्यांच्या पुढे उभे राहून गाताना ऐकलेले असते. त्या दिवशी मागची मात्रा जरा अधिक ताठ पडते.