स्प्राइट : चाहत्यांच्या खेळांसाठी पिक्सेलचित्रण आणि त्याची समीक्षा

स्प्राइट : संगणकीय खेळाच्या पडद्यावर पार्श्वभूमीपासून स्वतंत्रपणे हलणारे लहान चित्र. नायक, शत्रू, जनावर, नाणे, सुटलेला बाण ही सारी स्प्राइटची उदाहरणे होत. ते चौकटीचौकटीने, म्हणजे एकेक पिक्सेल ठरवून रंगवले की त्याला पिक्सेलचित्र म्हणतात. एखाद्या गाजलेल्या खेळाच्या प्रेमापोटी त्याच्या चाहत्यांनी त्याच पात्रांवर किंवा नियमांवर बेतून, बहुधा विनामूल्य, तयार केलेला खेळ म्हणजे फॅन गेम. हौशी स्प्राइटकारांपैकी अनेकांचा हात अशाच खेळांवर बसतो.

इतिहास : टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस ९९१८ या १९७९ च्या चित्रचिपमध्ये ३२ स्प्राइटांची सोय होती, पण एका आडव्या ओळीत चारच दिसू शकत. ‘पिक्सेल आर्ट’ हा शब्दप्रयोग झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातील अ‍ॅडेल गोल्डबर्ग व रॉबर्ट फ्लेगल यांनी १९८२ मध्ये छापील लेखनात वापरला. मॅकिंटॉश संगणकाच्या पहिल्या चिन्हचित्रांचे काम सुझन केअर यांनी आलेखाच्या वहीत ३२ × ३२ चौकटी भरून केले. मोझेइक आणि भरतकामाचा सराव त्यांना आधीपासून होता. महाराष्ट्रात दोसुतीच्या कापडावर टाके मोजून मोर, पोपट किंवा गणपती भरणाऱ्या पिढ्यांचा हिशेब याच जातीचा आहे. भारतातील घरांत पिक्सेलचित्रे मुख्यतः १९९० च्या दशकात, टीव्हीला जोडायच्या स्वस्त कॅसेट-खेळांतून पोहोचली.

मापे व रंगपट : स्प्राइटचे रूप यंत्राच्या मर्यादेतून घडले, म्हणून हा भाग तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमवर एका वेळी ६४ स्प्राइट मावत, एका ओळीत ८. प्रत्येकाचे माप ८ × ८ किंवा ८ × १६ आणि रंग तीन; चौथी जागा पारदर्शक. ‘डाँकी काँग’ (१९८१) मध्ये शिगेरू मियामोतो यांनी नायकाला मिशी आणि टोपी दिली, कारण इतक्या थोड्या पिक्सेलांत तोंड आणि हलणारे केस दाखवणे अवघड होते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) मधील ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेले. १९८९ च्या गेम बॉयचा पडदा १६० × १४४ पिक्सेलांचा आणि छटा चार.

फॅन गेमच्या जगात सर्वाधिक अनुकरण झाले ते पोकेमॉन मालिकेचे. १९९६ च्या पहिल्या खेळांत समोरून दिसणारे प्राणी जास्तीत जास्त ५६ × ५६ पिक्सेलांचे होते. २००२ च्या ‘रुबी’ व ‘सफायर’मध्ये माप ६४ × ६४ झाले आणि प्रत्येक प्राण्याला १५ रंग अधिक पारदर्शक जागा मिळाली. २००६ मध्ये ८० × ८०, तर २०१० मध्ये ९६ × ९६ आणि सतत हालचाल. २०१३ पासून मुख्य मालिका त्रिमितीत गेली. हौशी मंडळी मात्र बहुतांशी २००२ ते २०१० च्या शैलीतच काम करत राहिली. २००४ च्या आरपीजी मेकर एक्सपी या साधनावर आधारलेली तयार सामग्री त्यांच्या हाती होती, हे त्यामागचे एक कारण. ६४ × ६४ चौकटींच्या आत १५ रंगांनी प्राणी जिवंत करणे नवशिक्याच्या आवाक्यात येते, आणि तरीही त्यात उमेदवारीला वर्षानुवर्षे पुरेल इतके शिकण्यासारखे असते.

साधने : असेप्राइट, लिब्रेस्प्राइट, पिस्केल, ग्राफिक्सगेल, मायक्रोसॉफ्ट पेंटवरही काम होते.

कृती : प्रथम छायाकृती, मग बाह्यरेषा, मग सपाट रंग, शेवटी छटा. सातारा, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांच्या माणदेशी पट्ट्यातील खिल्लार बैल उदाहरणादाखल घेता येईल. काळ्या रंगाने भरलेल्या नुसत्या छायाकृतीतही तो खिल्लारच वाटला पाहिजे. त्यासाठी तीन खुणा पुरतात : लांब निमुळते तोंड, उंच वशिंड, आणि आधी मागे जाऊन मग वर वळणारी टोकदार शिंगे. शिंगाचा बाक एक पिक्सेल जाडीच्या रेषेने काढताना पायऱ्यांची लांबी क्रमाने बदलावी लागते. मुळाशी आडव्या ४, मग ३, २, १, १, आणि टोकाकडे उभ्या २, ३ असा क्रम ठेवला तर बाक सुरेख दिसतो. तोच क्रम ४, १, ३, १ असा विस्कटला की रेषेला दाते पडतात आणि शिंग मोडल्यासारखे दिसते.

पांढऱ्या अंगाची अडचण वेगळी. शुद्ध पांढरा रंग अंगभर दिला तर जनावर कागदाचे कापलेले वाटते. उन्हाकडील बाजूला किंचित पिवळसर पांढरा, मध्ये राखी आणि पोटाखाली निळसर जांभळट छटा दिली तर अंगाला गोलाई येते. अंगाला ४ रंग, शिंगे व खुरांना ३, झुलीला ३, कासऱ्याला व डोळ्याला प्रत्येकी १ आणि बाह्यरेषेला २, एवढ्या १४ रंगांत बैल पुरा होतो. एक रंग हाती उरतो.

नित्याचे दोष : प्रकाशाची दिशा न ठरवता कडेपासून आत सर्वत्र सारखे उजळत जाणे, याला पिलो शेडिंग म्हणतात; त्याने वस्तू फुगीर दिसते पण आकार कळत नाही. छटांचे पट्टे बाह्यरेषेला समांतर चिकटून धावणे हे बँडिंग. दोन रंगांच्या ठिपक्यांची जाळी विणून तिसऱ्याचा भास निर्माण करणे, म्हणजे डिदरिंग, लहान स्प्राइटवर बहुधा खरखरीत दिसते. छोट्या चित्रात असा एखादा दोषही सगळ्या आकारावर पसरतो.

हालचाल : चालण्याचे चक्र साधारणपणे चार फ्रेमचे, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या चार चित्रांचे.

समीक्षा : या कलेत एकट्याने शिकण्याला मर्यादा आहे. तासन्‌तास आठपट मोठे करून पाहिलेले चित्र खेळात प्रत्यक्ष आकारात कसे दिसेल, हे काढणाऱ्याच्या डोळ्याला पुढे पुढे कळेनासे होते. म्हणून दुसऱ्याची नजर लागते, आणि ती नीट मिळावी यासाठी मागणाऱ्यानेही तयारी करावी लागते. चित्र मूळ मापात आणि पूर्णांक पटीत, म्हणजे दुप्पट किंवा चौपट मोठे करून, असे दोन्ही प्रकारे द्यावे. ते पीएनजी स्वरूपात असावे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबले जाऊन कडांचे रंग बिघडतात, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. रंगपट, ज्या पार्श्वभूमीवर ते उभे राहणार ती, आणि कोणत्या खेळाची शैली साधायची आहे हे सोबत सांगावे. प्रश्नही नेमका हवा. ‘कसे वाटले?’ याला ‘छान’ एवढेच उत्तर येते. ‘मागचा पाय पोटापासून सुटा दिसतो का?’ याला उपयोगी उत्तर येते.

समीक्षकाने जागा, कारण आणि उपाय ही तिन्ही सांगावीत : वशिंडाखालची राखी छटा अंगाच्या छटेइतकीच असल्याने उंचवटा दबला आहे, ती एक पायरी गडद करावी. दुसऱ्याच्या चित्रावर स्वतः दुरुस्ती करून दाखवावी की नाही, याबाबत मतभेद आहेत. काहींना तो अधिक्षेप वाटतो, काहींच्या मते शंभर शब्दांपेक्षा ती प्रत लवकर शिकवते. परवानगी विचारून केल्यास सहसा तक्रार राहत नाही.

महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना चित्रावरचा बाहेरचा अभिप्राय प्रथम मिळतो तो शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांतून. निकाल श्रेणीत लागतो. श्रेणीने पातळी समजते. पुढच्या चित्रात काय बदलावे हे समजायला समोर बसून बोलणारा शिक्षक किंवा सोबती लागतो. सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांत स्प्राइट काढणाऱ्या मुलामुलींना असे सोबती मिळवून देणे हे चित्रकला शिक्षकांच्या सहज हातात आहे, आणि ते व्हावे.

कायदा : भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार कलाकृतीची प्रत काढण्याचा व रूपांतराचा अधिकार हक्कधारकाचा असतो. खासगी वापर व समीक्षा यांसाठी कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. फॅन गेम त्यात कितपत बसतात हे वादग्रस्त आहे. खेळ फुकट वाटल्याने हक्कधारकाचा अधिकार संपत नाही. नऊ वर्षांहून अधिक काळ खपून केलेला ‘पोकेमॉन युरेनियम’ ऑगस्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, पंधरा लाखांहून अधिक वेळा उतरवला गेला, आणि निन्टेंडोच्या वकिलांच्या नोटिशींनंतर कर्त्यांनी तो त्याच महिन्यात काढून घेतला. त्याच महिन्यात ‘एएम२आर’ या, ‘मेट्रॉइड’ खेळमालिकेवर बेतलेल्या चाहत्यांच्या खेळाचीही तीच गत झाली. चित्रकारांची वर्षानुवर्षांची मेहनत अशी अडकून पडते, हे या छंदातले सर्वांत मोठे नुकसान होय.

स्थानिक विषय : त्यामुळे शैली आवडत्या खेळाची आणि प्राणी-पात्रे स्वतःची, हा मार्ग अनेक जण धरतात. सातारा-सांगलीच्या परिसरात विषयांची वाण नाही. कास पठारावरील सोनकी, तेरडा आणि सीतेची आसवे, चांदोलीच्या रानातला शेकरू, मिरजेचे सतारमेकर, मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या, ज्या १६ × १६ च्या टाइलमध्ये, म्हणजे पार्श्वभूमीच्या चौकोनी तुकड्यात, बरोबर बसतात. शस्त्रांच्या अभ्यासासाठी साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे, जिथे जुलै २०२४ मध्ये लंडनहून आणलेली वाघनखे प्रदर्शित झाली. मानवाकृती व रंगयोजनेसाठी औंधचे श्री भवानी संग्रहालय उपयोगी. ते १९३८ मध्ये उभारणारे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते.

स्थानिक विषयाने समीक्षेचा प्रश्नही निम्मा सुटतो. पिक्सेलांतले दोष दुसरा स्प्राइटकार दाखवेल. शिंगाचा बाक, वशिंडाची जागा किंवा गळ्याची पोळी चुकली असेल तर खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेतील जनावरांच्या बाजारात उभा असलेला शेतकरी ते पाहताक्षणी सांगेल. खेळांशी त्याचा संबंध नसेल. पण खिल्लार ओळखणारी त्याच्याइतकी पारखी नजर स्प्राइटकाराला दुसरीकडे मिळणे कठीण, म्हणून चित्र पुरे होण्याआधी त्याला दाखवावे.