फुटबॉल अकादमीचं ‘राष्ट्रीय’ प्रमाणपत्र कुठे चालतं?

मुलाला अकादमीत घातलं की फी, बूट, किट आणि बाहेरगावच्या स्पर्धांचा खर्च सुरू होतो. भंडाऱ्यातल्या पालकांना नागपूरच्या फेऱ्याही आल्याच. एवढं करून पोरगं बाकावर बसलं तर चिडचिड होतेच, पण खरा धक्का बसतो दहावी-बारावीला. घरात ‘राष्ट्रीय स्पर्धा’ छापलेली प्रमाणपत्रं असतात आणि क्रीडा सवलतीचे गुण मात्र मिळत नाहीत.

कारण स्पर्धेचं नाव नव्हे, आयोजक कोण हे पाहिलं जातं. शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धांचा मार्ग तालुका, जिल्हा, नागपूर विभाग, राज्य असा आहे. तिथे खेळाडू शाळेकडून उतरतो, क्लबकडून नाही. त्यामुळे शाळेने संघच पाठवला नाही तर महागड्या अकादमीचाही इथे उपयोग नाही. दुसरा मार्ग संघटनेचा : राज्यात ‘विफा’, तिच्यावर १९३७ साली स्थापन झालेला अखिल भारतीय फुटबॉल महासंघ.

सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठीही प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात होते. खासगी स्पर्धेतून सरावाचे सामने मिळतात, ते वाया जात नाहीत. मात्र प्रवासाचे पैसे भरण्याआधी ती स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, हे भंडाऱ्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारता येतं.